जांभळं फाउंटन ग्रास: थंडी किती सोसतं, आणि आर्द्रता खरंच किती लागते?

केतकीबन

नमस्कार मंडळी,

जांभळ्या फाउंटन ग्रासबद्दल नेमकी माहिती एका धाग्यात जमवावी म्हणून हा प्रश्न. लालसर-जांभळी पाती, कमानीसारखे वाकलेले मऊ तुरे, तीन ते पाच फूट उंची, तेच हे गवत. हल्लीच्या लेबलांवर नाव सेंक्रस ॲडव्हेना 'रुब्रम' असतं, जुन्या लेबलांवर पेनिसेटम सेटेशियम 'रुब्रम'.

प्रश्न तीन आहेत.

१. किमान तापमान एका ठिकाणी १० अंश लिहिलेलं असतं, दुसरीकडे ४ आणि तिसरीकडे चक्क उणे ६. एकाच गवताला इतका फरक कसा?

२. थंडीत घरात हीटर लावला की आर्द्रता ३० टक्क्यांखाली जाते. पातींवर पाणी फवारावं का? कुंडीखाली खडे आणि पाण्याचं तबक ठेवावं का?

३. कुंडीतल्या आणि जमिनीतल्या ठोंबाला नियम एकच की वेगळे?

सर्व तापमान सेल्सिअसमध्ये सांगावं ही विनंती.

वाफसा

केतकीताई, तिन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त ते तीन वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत.

१० अंश ही वाढीची मर्यादा. ऊस, मका, ज्वारी यांच्यासारखं हे सी-फोर पद्धतीनं अन्न बनवणारं गवत आहे. या गटातल्या उष्ण प्रदेशांतल्या गवतांमधलं प्रकाशसंश्लेषण १०-१२ अंशांखाली अडखळतं, कारण त्या साखळीतलं एक विकर थंडीत निकामी व्हायला लागतं. गवत मरत नाही, पण नवीन पातं येत नाही आणि मुळं पाणी उचलणं जवळपास थांबवतात. १५-१६ अंशांच्या वर वाढ सुरू होते, २४ ते ३२ मध्ये जोमात असते. मुळाशी ओल असेल तर ३८ अंशांतही तक्रार नाही.

पुढचा आकडा पातीचा. ४ अंश हवा म्हणजे पाती धोक्याच्या रेषेवर, कारण निरभ्र रात्री पातीचं तापमान हवेपेक्षा खाली उतरतं. पाती स्वतः ० ते उणे १ ला पोचली की पेशींभोवतीचं पाणी गोठतं, पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि पडदे फाटतात. दुसऱ्या दिवशी पाती गवताच्या पेंढीच्या रंगाची.

उणे ६ हा ठोंबाचा, म्हणजे जमिनीलगतच्या फुटव्यांच्या बुंध्याचा आकडा. अमेरिकी झोन ९ ची खालची हद्द उणे ६.७ आहे, तिथून तो लेबलांवर आला. पण झोन म्हणजे वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीची अनेक वर्षांची सरासरी. ती थंडी किती तास टिकते आणि माती ओली आहे की कोरडी, हे झोन सांगत नाही. निचरा उत्तम असलेल्या जमिनीत, वर कोरडं आच्छादन असताना, एखाद-दुसऱ्या रात्रीपुरता हा आकडा खरा. चिकणमातीत उणे २ सुद्धा पुरेसं होतं मारायला.

पेरकांडी

वाफसा यांच्याशी सहमत. त्यात चौथा आकडा मुळांचा घाला, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचंही उत्तर मिळेल. जमिनीत १५ सेंमी खोलीवर रात्रीचं तापमान हवेपेक्षा बरंच वर राहतं. कुंडीला चारही बाजूंनी थंडी लागते, त्यामुळे मातीचा गोळा काही तासांत हवेच्या तापमानावर येतो. मुळं ठोंबापेक्षा नाजूक असतात. म्हणून जमिनीतलं गवत उणे ३ च्या रात्रीतून पुन्हा फुटेल आणि शेजारच्या कुंडीतलं त्याच रात्री जाईल.

कुंडीसाठी मी ५ अंश ही रेषा धरा म्हणेन. हवामान अंदाजात ५ दिसले की कुंडी आत.

अंगणवेल

५ फारच सावध वाटतं. २ पर्यंत बाहेर ठेवायला हरकत नसावी, भिंतीलगत असेल तर.

पेरकांडी

@अंगणवेल, भिंतीलगत आणि वर छप्पर असेल तर मान्य. उघड्यावर नाही. अंदाजातला आकडा जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरच्या, सावलीतल्या तापमापकाचा असतो. वारा पडलेल्या निरभ्र रात्री पाती आणि माती आकाशाकडे उष्णता सोडत राहतात, जड थंड हवा खाली साचते. गवताच्या उंचीवर तापमान अंदाजापेक्षा ३ ते ५ अंशांनी कमी असणं अगदी नेहमीचं आहे. अंदाज २ म्हणजे पाती उणे २ ला. छप्पर, गच्च झाड किंवा भिंत आकाशाचा तो तुकडा झाकते, म्हणून तिथे बचाव होतो.

कमाल-किमान तापमापक कुंडीच्या काठाच्या उंचीवर ठेवा आणि त्याची नोंद अंदाजाशी ताडून बघा. आपल्या जागेचा फरक दोन-चार निरभ्र रात्रींत कळतो. पुढे तेवढा वजा करत जायचा.

रानजाई

दुसऱ्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही अजून. माझं स्पष्ट मत: फवारा नको, तबकही नको.

हे मूळचं उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या पट्ट्यातल्या गवताच्या रक्ताचं झाड आहे. अरुंद पाती, मेणाचा पातळ थर, गरज पडली की आत वळणारं पातं, हा सगळा कोरड्या हवेचा सरंजाम आहे. ३० टक्के आर्द्रता त्याला चालते. ४० ते ६० मध्ये छान राहतं. ७५-८० च्या वर आणि हवा खेळती नसेल तर मात्र रोगांना आमंत्रण.

फवाऱ्यानं आर्द्रता वाढते ती काही मिनिटांपुरती, पण फुटव्यांच्या बेचक्यात पाणी तासन्तास अडकून राहतं. तिथूनच बुरशी शिरते. तबकाचा परिणाम तर खोलीभर पसरून जातो, पातीपर्यंत काहीच पोचत नाही. वर कुंडीचं बूड त्या पाण्याला टेकलं तर तळाची माती कायम चिकचिकीत.

छत्रीखाली

पण पातींची टोकं वाळतात ना कोरड्या हवेत? ते मग कशामुळे?

रानजाई

@छत्रीखाली, बहुतेक वेळा क्षारांमुळे. खतं आणि जड पाणी यांतले क्षार पाण्याबरोबर पातीच्या टोकाला जातात, पाणी उडून जातं, क्षार तिथेच साठतात. ओळख अशी: टोक तपकिरी, त्यामागे बारीक पिवळी कड आणि मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर. उपाय म्हणजे कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट साधं पाणी हळूहळू ओतून धुऊन काढणं. तेही उबदार दिवसांत, जेव्हा माती लवकर वाळेल. थंडीत धुलाई करू नये.

टोकाऐवजी संपूर्ण पातं गुंडाळीसारखं वळत असेल तर मुळांना पाणी पोचत नाहीये. आणि पातीवर बारीक फिकट ठिपके, मागच्या बाजूला जाळी दिसली तर लाल कोळी, म्हणजे रस शोषणारी सूक्ष्म कीड. एवढंच एक कोरड्या गरम खोलीचं खरं संकट आहे. २५ अंशांवर, कोरड्या हवेत कोळी झपाट्यानं वाढतो. त्यावर उपाय म्हणजे कुंडी आडवी करून पातींच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार झोत, आठवड्याच्या अंतरानं तीन वेळा, सकाळी, आणि नंतर पंख्यासमोर दोन तास. फवारा आणि झोत यांत फरक आहे. झोतानं कोळी धुऊन जातात, फवाऱ्यानं फक्त ओले होतात.

दहिवर

आर्द्रतेचा विषय निघालाच आहे तर थोडी आकडेमोड मांडतो. यातून 'थंडीत पाणी कमी' हा सल्ला का दिला जातो ते नीट कळेल.

हवा झाडातून आणि मातीतून किती पाणी ओढते हे नुसत्या टक्केवारीवर ठरत नाही. संपृक्त हवेत मावणारी वाफ आणि प्रत्यक्षात असलेली वाफ यांतली तूट मोजावी लागते. बागायतदार तिला व्हीपीडी म्हणतात. २५ अंशांना हवेचा संपृक्त बाष्पदाब सुमारे ३.१७ किलोपास्कल असतो. आर्द्रता ५० टक्के असेल तर तूट १.५८. आता १० अंशांची खोली घ्या. संपृक्त दाब फक्त १.२३, म्हणजे त्याच ५० टक्क्यांना तूट ०.६१. बंद गॅरेजसारख्या जागी १० अंश आणि ८५ टक्के असेल तर तूट जेमतेम ०.१८.

म्हणजे उन्हाळी दिवसाच्या तुलनेत आठव्या हिश्श्याहून कमी ओढ. उन्हाळ्यात एका दिवसात वाळणारी कुंडी तिथे आठवडाभर ओलीच राहणार, आणि गवत सुप्त असल्यानं मुळंही पाणी पीत नाहीत. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरलेल्या, प्राणवायू नाही, आणि पिथियमसारख्या बुरशीला हवं तेच वातावरण. थंडीत मेलेल्या फाउंटन ग्रासचा ठोंब उपटून पाहिला तर बहुतेक वेळा तो कुजलेला असतो, गोठलेला नसतो.

घरातली कोरडी हवा कुठून येते तेही सांगतो. बाहेर शून्य अंशांची पूर्ण संपृक्त हवा आहे. ती घरात येऊन २० अंशांना तापली की आर्द्रता उरते सुमारे २६ टक्के. वाफ तेवढीच, मावायची जागा वाढली. केतकीताईंच्या ३० टक्क्यांखालच्या आकड्यात हीटरचा दोष काही नाही, थंड प्रदेशात हे होणारच.

केतकीबन

दहिवर, हे फार उपयोगी आहे. मग आर्द्रता गोठण्याच्या रात्री मदत करते की घात करते? काही जण संध्याकाळी माती भिजवायला सांगतात, काही कोरडी ठेवायला. दोन्ही कसं खरं?

दहिवर

दोन्ही खरं आहे, वेळ वेगळी.

हवेचं आधी. संध्याकाळी हवा ८ अंश असेल आणि आर्द्रता ८५ टक्के, तर दवबिंदू साडेपाच अंशांच्या आसपास येतो. रात्री पाती तिथवर थंड झाली की दव पडू लागतं, आणि वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, दर ग्रॅमला जवळजवळ अडीच किलोज्यूल. त्यामुळे तापमानाची घसरण मंदावते. त्याच ८ अंशांना आर्द्रता ४० टक्के असेल तर दवबिंदू उणे ५ च्या जवळ. मध्ये कुठेच अडसर नाही, पाती सरळ शून्याखाली उतरते आणि दव दिसतही नाही. सकाळी पांढरं काहीच नसतं, तरी दुपारपर्यंत पाती काळवंडतात. म्हणून वारा नसलेली, निरभ्र आणि कोरडी संध्याकाळ सर्वांत धोक्याची. अंदाज पाहताना किमान तापमानाशेजारी दवबिंदूही बघा. दोन्ही कमी असतील तर झाकणं टाळू नका.

मातीचं असं: ओलसर माती दिवसभर जास्त उष्णता साठवते आणि रात्री वर पोचवते, कोरडी भुसभुशीत माती उष्णता वाहून नेत नाही. म्हणून एखादी अवचित थंड रात्र येणार असेल आणि गवत अजून हिरवं, वाढतं असेल तर आदल्या दिवशी सकाळी जमिनीला वाफसा येईल इतकं पाणी द्यावं. हे फक्त जमिनीतल्या गवताला. थंडी कायमची बसली, गवत सुप्त झालं, की उलट कोरडं ठेवायचं.

वाफसा

माझं नाव निघालं म्हणून आलो :)

दहिवर यांच्या मुद्द्याला जोड: पाणी सकाळीच द्यायचं, संध्याकाळी नाही. माती तापायला ऊन मिळालं पाहिजे. आणि पाती ओल्या करायच्या नाहीत.

उन्हाचा_तुकडा

झाकायला काय वापरावं? प्लास्टिकची शीट चालेल का?

पेरकांडी

प्लास्टिक पातीला टेकलं की त्या जागी पाती गोठते, कारण प्लास्टिक स्वतः आकाशाकडे उष्णता टाकून थंड होतं आणि आतल्या बाजूला साचलेलं पाणी पातीला चिकटतं. शिवाय सकाळी ऊन आलं की आत भट्टी. प्लास्टिकच वापरायचं असेल तर काठ्यांच्या सांगाड्यावर, पातीपासून दूर, आणि सूर्य उगवल्यावर लगेच काढायचं.

नॉनवोव्हन क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर टाकायचं न विणलेलं हलकं कापड, उत्तम. १७ जीएसएमचं (दर चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं) एक-दोन अंशांचा बचाव देतं आणि बहुतेक प्रकाश आत येऊ देतं. ३० जीएसएमचं दोन ते चार अंशांचा देतं, पण प्रकाश बराच अडवतं, म्हणून ते दिवसा काढावं. कोणतंही कापड असो, कडा जमिनीपर्यंत पोचून दगड-विटांनी दाबलेल्या हव्यात. ऊब जमिनीतून येते. छत्रीसारखं वर अडकवलेलं आणि खालून उघडं कापड काहीच कामाचं नाही.

तुरे वर आलेले असतील तर आधी ठोंबाला सुतळीनं सैल बांधून उभा करा, मग कापड. नाहीतर तुऱ्यांचे देठ मोडतात.

माळरान

विषय थोडा बाजूला नेतो, पण महत्त्वाचं आहे. 'फाउंटन ग्रास' या एका नावाखाली तीन वेगळी गवतं विकली जातात आणि त्यांची थंडी सोसायची ताकद जमीन-अस्मान आहे.

पेनिसेटम अलोपेक्युरॉइड्स, उदाहरणार्थ 'हॅमेल्न': हिरवी पाती, बाटली धुण्याच्या ब्रशसारखे तुरे. हे झोन ५ पर्यंत टिकतं, म्हणजे उणे २० च्या खालीसुद्धा. याला आत आणायची गरजच नाही, उलट उबदार खोलीत त्याची थंडीची विश्रांती हुकते.

'रुब्रम': ज्याबद्दल हा धागा आहे. 'फायरवर्क्स' हा त्याचाच गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचा प्रकार, तो थोडा आणखी नाजूक समजा, कारण पट्ट्यांत हरितद्रव्य कमी.

आणि हिरवं सेंक्रस सेटेशियस, मूळ रानटी जात. हे बियांनी बेफाम पसरतं. हवाईमध्ये त्यानं लाव्ह्याच्या कोरड्या उतारांवर वणव्यांचं प्रमाण वाढवलं, आणि युरोपीय संघाच्या आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत ते २०१७ पासून आहे. 'रुब्रम' जवळजवळ वांझ आहे, रुजणारं बी सहसा धरत नाही. त्यामुळे कुणी 'जांभळ्या फाउंटन ग्रासचं बी' विकत असेल तर त्यातून जांभळं गवत उगवण्याची आशा धरू नका.

अंगणवेल

माळरान, हे वेगळं लिहून ठेवण्यासारखं आहे. 'हॅमेल्न'चे नियम वाचून 'रुब्रम' बाहेर ठेवणं हाच सगळ्यात मोठा घोटाळा होतो. लेबलवर फक्त 'फाउंटन ग्रास' असेल तर पातीचा रंग बघावा. पूर्ण जांभळी पाती म्हणजे नाजूक, हा नियम पुरेसा आहे.

छत्रीखाली

जांभळी पाती सावलीत हिरवट होतात म्हणे. मग रंगावर भरवसा कसा ठेवायचा?

अंगणवेल

बरोबर, चार-पाच तासांपेक्षा कमी ऊन असेल तर तांबूस-हिरवी दिसतात. तरी मधली शीर आणि नवीन कोंबाचा बुंधा जांभळटच राहतो. तिथे बघा.

रानजाई

आता आत आणण्याची पद्धत लिहिते, कारण केतकीताईंचा खरा प्रश्न तिथेच अडतो. दोन मार्ग आहेत. दोन्हींची सरमिसळ केली की गवत जातं.

पहिला मार्ग, झोपवून ठेवणं. पहिल्या गोठणाऱ्या रात्रीच्या सहा-आठ आठवडे आधी नत्र बंद. रात्री सातत्यानं ७-८ अंशांवर आल्या की पाती १०-१५ सेंमीवर कापायच्या. जमिनीत असेल तर ठोंबाभोवती १५ सेंमी सोडून गोल खणायचं, कुंडीत बसवायचं. मातीचं मिश्रण निम्मं कोकोपीट, तीन भाग परलाइट, दोन भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट, अशा दहा भागांत. ठेवायची जागा ७ ते १० अंशांची. ४ च्या खाली जाऊ नये, १३ च्या वरही नको, कारण तिथे अर्धवट जाग येऊन फिकट लांबट कोंब निघतात आणि ठोंबातला साठा संपतो. प्रकाश मंद चालतो. आर्द्रता ५०-६० असावी, ७५ च्या वर गेली तर छोटा पंखा लावायचा, हवा नुसती हलती राहील इतका. पाणी दोन-तीन आठवड्यांतून एकदा, २५ सेंमीच्या कुंडीला साधारण एक पेला. पण दिवसांवर जाऊ नका, कुंडी उचलून वजन बघा. हलकी लागली तरच.

दुसरा मार्ग, जागं ठेवणं. १६ ते २१ अंश, रात्री १५ च्या खाली नाही, आणि भरपूर प्रकाश. इथे माती वरून तीन सेंमी वाळली की पाणी, खत अगदी पातळ आणि महिन्यातून एकदा. ३० टक्के आर्द्रता इथे चालून जाते.

बिघडतं कुठे? २० अंशांची खोली आणि अंधारा कोपरा. ऊब त्याला वाढ म्हणते, प्रकाश नाही म्हणतो. साठा जळत जातो आणि वसंतात ठोंब पोकळ निघतो.

उन्हाचा_तुकडा

दुसऱ्या मार्गात 'भरपूर प्रकाश' म्हणजे किती ते सांगतो. पानांच्या पातळीवर दर चौरस मीटरला दर सेकंदाला २०० मायक्रोमोल (झाडाला मिळणारा प्रकाश मोजायचं एकक) तरी हवेत, पांढऱ्या एलईडीखाली लक्समीटरवर हे साधारण १३-१४ हजार लक्स भरतात. १२ ते १४ तास. खिडकीपासून दोन मीटर आत ढगाळ दिवशी हजार लक्सही मिळत नाहीत. दिवा नसेल तर पहिलाच मार्ग धरा.

वाफसा

रानजाई, एका मुद्द्यावर असहमत. जमिनीत ठेवायच्या ठोंबाची पाती थंडीआधी कापू नयेत. गोठून वाळलेली पाती ठोंबावर छप्परासारखी पडतात आणि आकाशाकडे जाणारी उष्णता अडवतात. शिवाय कापलेल्या पोकळ काड्यांतून पावसाचं पाणी थेट बुंध्यात उतरतं.

रानजाई

@वाफसा, मी आत आणायच्या ठोंबाबद्दल लिहिलं होतं. जमिनीतल्यासाठी तुमचं बरोबर, पण हिवाळा कोरडा असेल तरच. जिथे थंडीत पाऊस पडतो तिथे तीच पाती ओली गोधडी होऊन बुंधा सडवतात. अशा ठिकाणी पाती जुडी बांधून वर उभी करावी, ठोंबाभोवती बारीक खडी आणि वर १०-१५ सेंमी कोरड्या पाचटाचं आच्छादन, त्यावर पाऊस उडवून लावणारा तिरका पत्रा किंवा फळी.

वाफसा

हे पटलं. उभी जुडी आणि तिरकी फळी. कापण्यापेक्षा नक्कीच चांगलं.

माळरान

आर्द्रतेचा दुसरा टोकाचा प्रश्न राहिला, दमट उन्हाळा. ८० टक्क्यांच्या हवेत, दाट लावलेल्या ठोंबांत तांबेरा येतो. पातीच्या मागे नारिंगी-तपकिरी फोड, बोटाला भुकटी लागते. तांबेऱ्याच्या बीजाणूंना रुजायला पातीवर सलग काही तास पाण्याचा थर लागतो. दमट हवा त्याला एवढीच मदत करते की दव उशिरा वाळतं. पाणी मुळाशी आणि सकाळी, ठोंबांत ७५-९० सेंमी अंतर, आतल्या वाळलेल्या काड्या काढून हवा मोकळी. लागण झालेली पाती कापून नष्ट करावीत, कंपोस्टमध्ये नकोत. पाण्यात मिसळणारं गंधक लागण दिसताच फवारता येतं, पण ३० अंशांच्या वर नको, पाती भाजतात.

सकाळी पातीच्या टोकाला थेंब दिसले तर लगेच घाबरू नका. उबदार ओली माती आणि दमट हवा असली की गवत जास्तीचं पाणी टोकातून बाहेर सोडतं. रोज दिसत असेल तर मात्र पाणी कमी करा.

पेरकांडी

आणि एकच जागा जिथे या गवताला खरोखर जास्त आर्द्रता लागते: कांड्यांपासून रोपं करताना. तुरा यायच्या आधीची काडी, दोन पेरांचा तुकडा, खालचं पेर मिश्रणात, वरचं बाहेर. खालून २२-२४ अंशांची ऊब, पहिले ८-१० दिवस ८५-९० टक्के आर्द्रता, कारण मुळं नसताना पाती पाणी गमावत असते. मुळाची पांढरी टोकं दिसली की झाकण रोज थोडं जास्त उघडत आर्द्रता खाली आणायची. झाकण तसंच ठेवलं तर कांडी तळाशी काळी पडते.

केतकीबन

सगळ्यांचे मनापासून आभार. आता माझा निर्णय: कुंड्या ५ अंशांच्या अंदाजाला आत, पहिल्या मार्गानं, ८-१० अंशांच्या खोलीत, फवारा-तबक रद्द. जमिनीतला ठोंब जुडी बांधून तिरक्या फळीखाली. शेवटचा प्रश्न, वसंतात बाहेर कधी काढायचं? आणि ठोंब जिवंत आहे हे कसं ओळखायचं?

रानजाई

रात्री सलग १० च्या वर आणि माती १५ अंशांच्या पुढे गेली की. त्याआधी आठवडाभर सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला. थंडीत आत राहिलेली पाती थंड सकाळच्या कडक उन्हात पांढरट पडतात, कारण प्रकाश येतो पण थंडीमुळे त्याचा वापर होत नाही.

जिवंत आहे का, ते असं बघा: बुंध्याजवळचा एक फुटवा हलकेच ओढा. घट्ट असेल आणि तळाचं साल खरवडल्यावर आत पांढरट, कडक दिसलं तर जिवंत. सहज निघून आला, तळ तपकिरी, मऊ आणि आंबूस वासाचा असेल तर तो फुटवा मेला. एकावरून निर्णय नको, कडेचे चार-पाच तपासा. मधला भाग बऱ्याचदा मेलेला आणि कडा जिवंत असतात.

वाफसा

आणि घाई करू नका. हे गवत उशिरा जागं होतं. जमिनीतलं तर माती १८ अंशांना पोचेपर्यंत हलत नाही. 'हॅमेल्न' हिरवं झालं आणि 'रुब्रम' अजून कोरडं दिसतंय म्हणून उपटून टाकू नये. त्या काळात मेलं समजून पाणी बंद करू नका आणि जागं करायला जास्तही देऊ नका, माती जेमतेम ओलसर ठेवा. नवे कोंब ५-८ सेंमी झाले की विभागणी करायची, धारदार कुदळीनं, प्रत्येक तुकड्यात पाच-सात जिवंत फुटवे आणि त्यांची मुळं येतील अशी. मधला मेलेला भाग काढून टाकायचा. खताचा पहिला हप्ता त्यानंतर दोन आठवड्यांनी.

केतकीबन

कडेचे फुटवे तपासायचे हे लक्षात घेतलं. माती मोजायला तापमापक किती खोल घालायचा?

दहिवर

१० सेंमी, सकाळी आठ-नऊच्या सुमारास, सलग चार-पाच दिवस. दुपारचं माप फसवं असतं, कुंडीची उन्हाकडची बाजू तापलेली असते.